मार्केट रिसर्चची विक्री: पहिल्या मेलपासून फील्ड टीमच्या हाती प्रोजेक्ट देईपर्यंत

‘आम्हाला १००० लोकांचा सर्व्हे करायचा आहे. रेट पाठवा.’ क्लायंटचा असा दोन ओळींचा मेल येतो आणि सेल्समधला नवा माणूस तासाभरात आकडा पाठवून मोकळा होतो. महिनाभराने तोच प्रोजेक्ट तोट्यात चाललेला असतो, सेल्स आणि फील्ड टीम एकमेकांकडे बोट दाखवत असतात आणि क्लायंट विचारत असतो, ‘तुम्ही तर दोन आठवडे म्हणाला होतात ना?’

हे इतक्या वेळा पाहिलं आहे की सगळा क्रम एकदा लिहून काढावासा वाटला. बहुतेक वेळा गडबड दराच्या आकड्यात नसते. रेट कशाचा द्यायचा आहे हे कळण्याआधीच तो देऊन टाकलेला असतो. इथे मी फक्त खास क्लायंटसाठी केलेल्या प्रोजेक्टबद्दल लिहितो आहे. तयार रिपोर्ट किंवा सबस्क्रिप्शन विकण्याची रीत वेगळी.

० : पहिल्या फोनआधीची तयारी

रुजू झाल्यावर लगेच क्लायंटची यादी उघडून फोन लावू नका. आधी एक दिवस मुलाखतकाराबरोबर फिरा. दारात उभं राहून स्क्रीनरचे (योग्य उत्तरदाता गाळून घेणाऱ्या प्रश्नांच्या यादीचे) पहिले चार प्रश्न विचारल्यावर किती लोक बाद होतात हे डोळ्यांनी पाहा. फोनवरच्या आठ-दहा मुलाखती ऐका. पंचवीस मिनिटांच्या प्रश्नावलीत अठराव्या मिनिटाला उत्तरदात्याचा आवाज कसा बदलतो हे एकदा ऐकलं की ‘अजून पाच प्रश्न घालू’ या मागणीला तुम्ही सहज ‘हो’ म्हणणार नाही.

दुसरं काम म्हणजे कंपनीचे शेवटचे पाच पूर्ण झालेले प्रोजेक्ट काढा. कोटमध्ये, म्हणजे क्लायंटला दिलेल्या किमतीच्या प्रस्तावात, किती खर्च धरला होता आणि प्रत्यक्षात किती झाला, हे शेजारी शेजारी मांडा. हा तक्ता आपणहून कोणी देत नाही, फायनान्स आणि फील्डकडून मागून घ्यावा लागतो. तुमची कंपनी नेमकी कुठे घसरते ते त्यात दिसेल: भाषांतरात, खुल्या प्रश्नांच्या कोडिंगमध्ये (लोकांनी स्वतःच्या शब्दांत दिलेल्या उत्तरांची गटवारी), की लांबलेल्या फील्डमध्ये.

तपासा: कोणती कामं आपली माणसं करतात, कोणती बाहेरच्या व्हेंडरकडून करून घेतली जातात आणि व्हेंडरचे दर कधीपर्यंत ग्राह्य आहेत, हे न विचारता सांगता येतं का? येत नसेल तर अजून क्लायंटसमोर बसू नका.

१ : चौकशी गाळून घ्या

प्रत्येक चौकशी प्रोजेक्ट नसते. काही जणांना पुढच्या वर्षीच्या बजेटसाठी ढोबळ आकडा हवा असतो. काही जणांनी कंपनी आधीच ठरवलेली असते आणि नियमाप्रमाणे तीन कोट गोळा करायचे असतात. यात वाईट काही नाही, पण दोन्हींवर सारखाच वेळ घालवणं परवडत नाही. ‘निर्णय कधी घेणार, मंजुरी कोणाची लागते, अजून कोणाला विचारलं आहे?’ हे तीन प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. बजेटसाठी चौकशी असेल तर किमान आणि कमाल असा पट्टा द्या आणि ‘हा कोट नाही’ असं मेलमध्ये स्पष्ट लिहा.

२ : ब्रीफ काढून घ्या

लेखी ब्रीफ (काय हवं आहे याचं क्लायंटचं टिपण) आलेला असला तरी हा टप्पा सोडू नका. ब्रीफमध्ये क्लायंट स्वतः सुचवलेला उपाय लिहितो. त्याचा प्रश्न बऱ्याचदा त्यात नसतोच.

एका क्लायंटने माझ्याकडे ब्रँडच्या ओळखीचा मोठा सर्व्हे मागितला होता. ‘हे आकडे हाती आल्यावर काय करणार?’ असं विचारल्यावर कळलं, की दोनपैकी एक मॉडेल बंद करायचं होतं आणि कोणतं करावं यावर त्यांच्याकडे मतभेद होते. ब्रँड किती जणांना आठवतो याने तो वाद मिटला नसता. शेवटी झालेला प्रोजेक्ट निम्म्या आकाराचा होता, पण त्यावर निर्णय झाला आणि तो क्लायंट पुढे टिकला.

म्हणून अर्धा तास मागा आणि याच क्रमाने विचारा.

पहिला प्रश्न निर्णयाचा: कोणता निर्णय अडला आहे, तो कोण घेणार, कोणत्या तारखेला? मग उत्तराचा: आकडा चांगला आला तर काय कराल, वाईट आला तर काय? दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर त्या प्रश्नासाठी क्लायंटने पैसे घालवू नयेत हे त्याला प्रामाणिकपणे सांगा. त्यानंतर माणसांचा: कोणाशी बोलायचं आहे? वस्तू वापरणारा, विकत घेणारा आणि ठरवणारा ही तीन वेगळी माणसं असू शकतात. लहान मुलांच्या वस्तूंमध्ये आणि ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा असतातच. पुढे, आधी काय माहीत आहे? जुने रिपोर्ट, विक्रीचे आकडे, तक्रारींची नोंद. आणि शेवटी बजेट.

बजेट विचारायला अनेकांना संकोच वाटतो. ‘तुमचं बजेट किती?’ असं थेट विचारलं तर उत्तरही बहुतेक ‘तुम्हीच सांगा’ असं येतं. त्याऐवजी एक लहान आणि एक मोठा असे दोन प्रोजेक्ट तोंडी मांडा, दोन्हींचा अंदाजे खर्च सांगा आणि कोणता जवळचा वाटतो ते विचारा. समोरच्याचा चेहरा किंवा आवाज उत्तर देतो.

सावधान: या बैठकीत पद्धत ठरवून टाकू नका. ‘हे तर आपण फोकस ग्रुपमध्ये करू’ (म्हणजे काही लोकांना एकत्र बसवून चर्चा) हे वाक्य तोंडातून गेलं, की रिसर्चरने नंतर वेगळं सुचवलं तरी क्लायंटच्या मनात तेच राहतं.

तपासा: बैठकीनंतर त्याच दिवशी पाच-सहा ओळींत ‘आम्हाला तुमचा प्रश्न असा समजला’ हा मेल पाठवा. क्लायंटने त्यात दुरुस्ती केली तर ती दुरुस्ती हाच खरा ब्रीफ.

३ : रिसर्चरबरोबर बसा

हा टप्पा छोटा आहे, पण टाळला जातो. ढोबळ वाटणी साधी आहे. ‘का’ आणि ‘कसं’ कळायचं असेल तर फोकस ग्रुप किंवा सविस्तर मुलाखती. ‘किती’ कळायचं असेल तर सर्व्हे. चार-पाचच प्रश्न विचारायचे असतील तर अनेक क्लायंट मिळून खर्च वाटून घेतात तो ऑम्निबस सर्व्हे पुरतो, आणि तसं असेल तर तसं सांगावं. छोटं काम मोठं करून विकलं तर क्लायंटला ते कधीतरी कळतंच.

४ : फीझिबिलिटी, म्हणजे हे काम होईल का

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो इथे. त्याचं मूळ एका आकड्यात असतं: इन्सिडन्स रेट. ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी किती टक्के लोक आपल्या अटींत बसतात, तो हा आकडा. ४०० मुलाखती हव्यात आणि इन्सिडन्स २० टक्के असेल तर २००० लोकांना गाळावं लागेल. तोच ५ टक्के निघाला तर ८०००. मुलाखती तेवढ्याच, मेहनत चौपट.

क्लायंट सांगतो तो आकडा बहुतेक वेळा पहिल्या अटीपुरता असतो. समजा, इलेक्ट्रिक स्कूटरचा अभ्यास आहे. क्लायंट म्हणतो, ‘४० टक्के घरांत दुचाकी आहे, लोक सहज मिळतील.’ पण स्क्रीनरमध्ये पुढे लिहिलेलं असतं: येत्या वर्षात नवी गाडी घ्यायचा विचार असणारे, आणि गाडीचा निर्णय स्वतः घेणारे. दुचाकीवाल्यांत यातली पहिली अट ३० टक्क्यांना लागू पडत असेल आणि तिच्यात बसणाऱ्यांत दुसरी ५० टक्क्यांना, तर ४० टक्क्यांचे ३० टक्के म्हणजे १२, आणि त्याचे निम्मे म्हणजे ६. आता ४०० मुलाखतींसाठी १००० नव्हे, साडेसहा हजारांहून जास्त लोकांपर्यंत जावं लागेल. अटी एकमेकींत गुणल्या जातात, हे कागदावर मांडल्याशिवाय डोक्यात येत नाही. मांडाच.

ऑनलाइन पॅनेलचंही (सर्व्हेसाठी आधीच नाव नोंदवलेल्या लोकांच्या यादीचंही) तसंच. ‘आमच्याकडे एक लाख लोकांचं पॅनेल आहे’ या वाक्यावर विसंबून ‘हो’ म्हणू नका. समजा, त्यातले १० टक्के सर्व्हे उघडतात: १० हजार. इन्सिडन्स ५ टक्के: ५००. धडाधड क्लिक करत सुटणारे आणि सगळ्या ओळींत एकच पर्याय निवडणारे असे १० टक्के काढून टाकले की ४५० उरतात. क्लायंटला ६०० हवे असतील तर एका पॅनेलवर हे काम होणार नाही.

वेळेचा हिशोबही याच आकड्यावर चालतो. २० मुलाखतकार दिवसाला प्रत्येकी ४ मुलाखती करतात असं धरलं तर ४०० मुलाखती ५ दिवसांत होतील. उत्तरदाता दुर्मीळ असल्याने दिवसाला एकच मिळू लागली तर त्याच माणसांना २० दिवस लागतील. दोन आठवड्यांचा शब्द मोडतो तो असा.

कोट्याकडे (प्रत्येक गटातून किती माणसं हवीत या वाटणीकडे) लक्ष ठेवा. वय, उत्पन्न आणि वापर हे तिन्ही एकमेकांत गुंतवून मागितले तर सोपी घरं (कोट्याच्या तक्त्यातले गट) पहिल्या तीन दिवसांत भरतात आणि अवघड घरांतल्या शेवटच्या १५ मुलाखतींसाठी आठवडा जातो. फील्ड मॅनेजर कोटा पाहून मान हलवत असेल तर त्याचं ऐका. त्याने अशी घरं भरली आहेत, तुम्ही नाही.

सावधान: फीझिबिलिटीचं उत्तर फोनवर घेऊ नका. ‘हो, होईल’ असं फोनवर म्हणणारा माणूस तीन आठवड्यांनी ‘मी वेगळं समजलो होतो’ म्हणू शकतो. स्क्रीनर, कोटा, मुलाखतीची लांबी आणि ठिकाणं लिहून पाठवा, उत्तरही लेखी घ्या.

५ : सॅम्पल किती, हे समजावून सांगा

‘१००० का, ५०० का नाही?’ हा प्रश्न येणारच. उत्तर तोंडपाठ हवं. साध्या यादृच्छिक सॅम्पलमध्ये (प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी), ९५ टक्के विश्वासपातळीवर (असे शंभर सर्व्हे केले तर सुमारे ९५ त्या मर्यादेत येतील), संभाव्य चूक जास्तीत जास्त अशी असते: १०० मुलाखतींना सुमारे ९.८ टक्के वरखाली, ४०० ला ४.९, १००० ला ३.१, १६०० ला २.५. चूक निम्मी करायची तर सॅम्पल चौपट करावं लागतं. म्हणून ४०० वरून ५०० वर गेल्याने क्लायंटच्या हाती फारसं काही लागत नाही, आणि हे त्याला सांगितल्याने तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

खरी मेख पोटगटांत आहे. क्लायंट ४०० वर समाधानी असतो, आणि रिपोर्टच्या वेळी म्हणतो, ‘चार विभाग आणि स्त्री-पुरुष असं वेगवेगळं दाखवा.’ म्हणजे ८ गट, प्रत्येकात ५० माणसं, चूक जवळजवळ १४ टक्के वरखाली. शंभर-शंभरच्या दोन गटांची तुलना करायची झाली, तर निम्म्याच्या आसपासच्या आकड्यांत साधारण १४ टक्क्यांहून कमी फरकाला फरक म्हणता येत नाही. म्हणून सॅम्पल ठरवताना एकूण आकड्यापासून सुरुवात करू नका. ‘सगळ्यात लहान कोणता गट तुम्हाला वेगळा पाहायचा आहे?’ हे विचारा आणि तिथून वर मोजत या.

एक सांगणं आवश्यक आहे. वरचे आकडे यादृच्छिक निवडीसाठी आहेत. स्वेच्छेने नाव नोंदवलेल्या ऑनलाइन पॅनेलला ते जसेच्या तसे लावून ‘आमची चूक फक्त ३ टक्के’ असं प्रपोजलमध्ये लिहिणं चुकीचं आहे. जाणकार क्लायंट तिथेच थांबतो.

६ : कोट तयार करा

खर्चाची ओळ न् ओळ लिहा: फील्ड किंवा पॅनेल, उत्तरदात्याचं मानधन, प्रश्नावलीचं प्रोग्रॅमिंग, प्रत्येक भाषेचं भाषांतर आणि त्याची तपासणी, खुल्या प्रश्नांचं कोडिंग, डेटा प्रोसेसिंग, रिसर्चरचे तास, प्रेझेंटेशन, प्रवास. विसरल्या जातात त्या दोन ओळी म्हणजे कोडिंग आणि रिसर्चरचे तास. ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून तास शून्य धरले जातात, आणि तीच माणसं रात्री जागून रिपोर्ट करतात.

आता एक चूक, जी अनुभवी माणसंही करतात. ३० टक्के मार्जिन हवं म्हणून १०० च्या खर्चावर ३० चढवून १३० कोट केलं जातं. यात मार्जिन ३० नाही, २३ टक्के आहे, कारण मार्जिन विक्रीच्या किमतीवर मोजतात. ३० टक्के हवं असेल तर १०० ला ०.७ ने भागा: सुमारे १४३.

सवलतीचाही हिशोब याच कागदावर करून ठेवा. १४३ वर १० टक्के सूट दिली तर किंमत सुमारे १२९ होते. नफा ४३ वरून २९ वर, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. म्हणून किंमत कमी करायची असेल तर काम कमी करा. एक गट वगळा, मुलाखत २५ मिनिटांवरून १५ वर आणा, खुले प्रश्न सहावरून दोनवर आणा, पूर्ण रिपोर्टऐवजी तक्ते आणि छोटा सारांश द्या. काम तेच ठेवून नुसती किंमत उतरवली, की आधीची किंमत फुगवलेली होती असाच अर्थ क्लायंट काढतो. त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

तपासा: कोटमध्ये गृहीतकं लिहिली आहेत का? इन्सिडन्स किती धरला, मुलाखत किती मिनिटांची, खुले प्रश्न किती, भाषा किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, कोट किती दिवस ग्राह्य. आणि शेजारी एक वाक्य: ‘यातलं काही बदलल्यास किंमत व वेळ पुन्हा ठरेल.’ हे वाक्य पहिल्या कोटमध्येच हवं. फील्ड सुरू झाल्यावर ते भांडण वाटतं.

७ : प्रपोजल आणि पाठपुरावा

प्रपोजलचं पहिलं पान क्लायंटच्या प्रश्नाचं असावं. कंपनीची ओळख, ऑफिसं आणि लोगो शेवटी. शक्य असेल तर रिपोर्टमधला एखादा रिकामा तक्ता दाखवा: ‘तुम्हाला उत्तर या रूपात मिळेल.’ माझ्या अनुभवात दहा पानांच्या पद्धतीच्या वर्णनापेक्षा या एका पानावर जास्त चर्चा होते.

दुसऱ्या क्लायंटचा खरा रिपोर्ट नमुना म्हणून दाखवू नका, नाव खोडूनही नाही. समोरचा लगेच विचार करतो, ‘उद्या आमचाही असाच कुठेतरी उघडतील.’ मोठ्या खरेदी विभागांचे फॉर्म भरतानाही सरळ राहा. आयएसओ २०२५२ हे मार्केट रिसर्चचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. प्रमाणपत्र नसेल तर ‘त्या धर्तीवर काम करतो’ असं गोलमोल लिहू नका. ऑनलाइन सॅम्पल विकत घेणाऱ्यांसाठी इसोमार या मार्केट रिसर्चच्या जागतिक संस्थेची ३७ प्रश्नांची यादी आहे. तिची उत्तरं तुमच्या पॅनेल टीमकडून आधीच लिहून घेऊन ठेवा, म्हणजे आदल्या रात्री धावपळ होत नाही.

पाठपुराव्यात ‘काही अपडेट?’ हा मेल कामाचा नाही. क्लायंटने सांगितलेल्या निर्णयाच्या तारखेपासून उलटं मोजा: ‘प्रेझेंटेशन त्या तारखेला हवं असेल तर प्रश्नावली अमुक दिवशी अंतिम व्हायला हवी, म्हणजे मंजुरी या आठवड्यात लागेल.’ याला उत्तर येतं, कधी नकारच येतो. पण कळतं तरी.

८ : होकारानंतरचा दिवस

तोंडी होकारावर फील्ड सुरू करू नका. लेखी मंजुरी, परचेस ऑर्डर आणि ठरलेला हप्ता या तिन्हींची वाट पाहा. मानधन आणि मुलाखतकारांचे पैसे रिपोर्टच्या आधी बाहेर जातात, म्हणून निम्मी रक्कम सुरुवातीला मागण्यात गैर काही नाही.

मग हँडओव्हर. मेल फॉरवर्ड करणं म्हणजे हँडओव्हर नव्हे. रिसर्चर, फील्ड आणि डेटा टीमला एका खोलीत किंवा एका कॉलवर बसवा आणि हे सांगा: क्लायंटचा अडलेला निर्णय, कोटमधली गृहीतकं, तुम्ही तोंडी दिलेली प्रत्येक कबुली (लहानसहान असली तरी), आणि क्लायंटकडे नाराज होऊ शकणारा माणूस कोण. शेवटची गोष्ट सेल्सशिवाय कोणालाच माहीत नसते.

सावधान: याच सुमारास कधी कधी एक मागणी येते. ‘ज्यांनी रस दाखवला त्यांची नावं आणि नंबर आमच्या विक्री टीमला द्या.’ द्यायचे नाहीत. संशोधनासाठी दिलेली माहिती विक्रीसाठी वापरणं आणि संशोधनाच्या नावाखाली विक्री करणं, दोन्ही आयसीसी (आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळ) आणि इसोमार यांच्या संशोधनाच्या आचारसंहितेत बसत नाही. उत्तरदात्याने अर्धा तास दिला तो आपल्या शब्दावर. क्लायंट कितीही मोठा असो, इथे मागे हटू नका.

९ : फील्ड चालू असताना

पहिल्या दहाएक टक्के मुलाखती झाल्या की थांबून दोन आकडे मागा: प्रत्यक्ष इन्सिडन्स आणि प्रत्यक्ष लांबी. कोटमध्ये १२ टक्के आणि १५ मिनिटं धरली होती, आणि ६ टक्के व २२ मिनिटं येत असेल, तर क्लायंटला त्याच दिवशी फोन करा. सोबत दोन पर्याय ठेवा: अटी सैल करणं, किंवा वेळ आणि खर्च वाढवणं. फील्ड संपल्यावर वाढीव बिल पाठवलं तर ते मंजूर होत नाही, झालं तरी पुढचा प्रोजेक्ट मिळत नाही.

मधेच ‘एकच प्रश्न वाढवा’ असं येतं. वाढवता येतो का ते रिसर्चरला विचारा. झालेल्या मुलाखतींत तो प्रश्न नसेल, हे क्लायंटला लक्षात आणून द्या आणि बदल लिहून मंजूर करून घ्या, पैसे लावायचे नसले तरी. तिसरा ‘एकच प्रश्न’ येतो तेव्हा आधीचे दोन कागदावर असलेले बरे.

प्रेझेंटेशनला स्वतः हजर राहा आणि प्रश्न कोण विचारतो ते टिपून घ्या. क्लायंटने दुसऱ्या टप्प्यात सांगितलेली निर्णयाची तारीख कॅलेंडरमध्ये ठेवा, आणि ती उलटल्यावर आठवड्याभरात फोन करून एवढंच विचारा, की शेवटी काय ठरलं आणि आमच्या रिपोर्टमध्ये काय कमी पडलं. उत्तर रिसर्चरलाही कळवा. त्याला ते एरवी कधीच कळत नाही.